पिल्लू चावतंय? आधी चावा ओळखा

ब्लाउजच्या बाहीचं माप घ्यायला मी टेप पुढे करते, समोरची बाई हात लांब करते, आणि मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल रेघा दिसतात. मी विचारते, "घरात मांजराचं पिल्लू आणलंय का?" उत्तर बहुधा हो असतं आणि पाठोपाठ तक्रार येते. "चावतं हो फार! मांडीवर बसून घुरघुरत होतं, काय झालं कोण जाणे, कडकन चावलं. मुलं घाबरतात. मासळी बाजारात नेऊन सोडावं म्हणतेय." हे शेवटचं वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. चावतं म्हणून सोडलेली पिल्लं मी बाजारात बघितली आहेत. त्यातली फार थोडी पावसाळा काढतात.

मी चिपळूणला घरीच शिवणकाम करते. माझं सगळं पोट दहा बोटांवर आहे, त्यामुळे चावणाऱ्या पिल्लाचा त्रास मला कोणी सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला पूर आला, तेव्हा आम्ही मशीन उचलून माळ्यावर चढवलं होतं. पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी मागच्या पडवीत लाकडांच्या ढिगात एक भाटी पिल्लू सापडलं. जेमतेम महिन्याचं, निळसर डोळे, अंगभर सुकलेला चिखल. आई नाही, भावंडं नाहीत. तिचं नाव ठेवलं गुंडी. तिनं पुढचे तीन महिने माझे हात सोलून काढले, आणि पिल्लू का चावतं ते मी तिच्याकडूनच शिकले.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. पिल्लाचे चावे दोन जातीचे असतात. एक खेळातला, दुसरा "पुरे आता" म्हणणारा. दोन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. आपण दोघांना एकच समजतो आणि दोन्ही वेळा ओरडतो, तिथेच सगळं बिघडतं.

खेळातला चावा

हा चावा लांबून येतो. पिल्लू पलंगाखाली, पडद्यामागे दबा धरून बसतं. बाहुल्या मोठ्या होऊन डोळे काळेभोर दिसतात, मागचा भाग डुलायला लागतो आणि तुमचा पाय समोरून गेला की झडप. कधी पाठीची कमान करून, अंग तिरकं धरून उड्या मारत येतं. गुरगुरणं नाही, फिस्कारणं नाही, सगळं गुपचूप. पुढच्या पायांनी हाताला मिठी मारतं, दात रोवतं आणि मागच्या पायांनी लाथांचा मारा करतं. त्यात राग नसतो. उंदीर कसा धरायचा याची ती तालीम असते.

भावंडांत वाढणारं पिल्लू या तालमीत जोर किती लावायचा ते शिकतं. साधारण चौथ्या आठवड्यापासून पिल्लं एकमेकांशी कुस्ती खेळायला लागतात. एकानं जास्त जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ सोडून निघून जातं. आईच्या शेपटीला फार लागलं तर ती पंजानं दाबून धरते किंवा उठून जाते. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो. ज्या दातांनी ती उंदराची मान मोडते त्याच दातांत पिल्लाची मान धरून भिंतीवरून उडी मारते, पण पिल्लाला ओरखडासुद्धा उठत नाही. दातांवरचा हा ताबा शिकावा लागतो. महिन्याचं असताना एकटं पडलेलं पिल्लू तो शिकलेलंच नसतं. गुंडी इतकी का चावत होती, ते इथे आहे.

म्हणून पहिला नियम: हात आणि पाय ही खेळणी नव्हेत. पिल्लू दीड महिन्याचं असताना त्याच्या पोटावर बोटं नाचवायला फार गोड वाटतं, चावलं तरी गुदगुल्या होतात. तेच पिल्लू सहा महिन्यांचं झालं की त्याच बोटांतून रक्त येतं, आणि त्याच्या दृष्टीनं खेळ तोच असतो. नियम घरातल्या सगळ्यांना सारखाच हवा. आमच्याकडे मी हात लावू देत नव्हते आणि माझा पुतण्या रात्री चादरीखाली पाय हलवून गुंडीला खेळवत होता. दोन आठवडे माझी मेहनत फुकट गेली. शेवटी त्याला समोर बसवून सांगितलं, "अरे, तू सुट्टी संपली की पुण्याला जाशील, चावे मी खाणार." त्याला पटलं. मग त्यानंच तिच्यासाठी छत्रीच्या जुन्या काडीला कातरण बांधून दिलं.

खेळणं असंच हवं, हातापासून हातभर लांब. कातरणाची पट्टी, मोरपीस, कागदाचा बोळा, काहीही चालेल. पण ते पिल्लाच्या तोंडासमोर नाचवू नका. उंदीर मांजराच्या तोंडात जात नाही, पळतो. जमिनीलगत ओढा, खुर्चीच्या पायामागे दडवा, थांबवा, परत सरकवा. मधूनमधून पकडू द्या. पाच-सात मिनिटांत पिल्लू दमतं. शेवटी पकडू देऊन लगेच खायला घाला. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्याचा क्रम आहे आणि तो पुरा झाला की पिल्लू आपणहून आडवं होतं. मांजराला पहाटे आणि तिन्हीसांजेला जोर चढतो. तुमच्या पायांवरचे हल्लेही नेमके त्याच वेळी होतात, हे एकदा बघून ठेवा. मी दिवेलागणीला, हातातलं काम संपवून, आधी गुंडीशी खेळायचे आणि मग भात टाकायचे. आठवडाभरात स्वयंपाक करताना पोटऱ्यांवर येणाऱ्या झडपा निम्म्याच्या खाली आल्या.

दुसरं खेळणं घरी शिवा. मांजरपाटाचा किंवा जुन्या पायजम्याचा तुकडा घ्या, पिल्लाच्या अंगाएवढी लांब पिशवी करा, आत चिंध्या गच्च भरा आणि तोंडाला दुहेरी शिलाई मारा. बटण नको, लेस नको, टिकल्या नकोत. पिल्लू हाताला मिठी मारून लाथा मारायला लागलं की ही गादी त्याच्या पोटाशी सरकवायची. लाथ मारायला काहीतरी जाडजूड मिळालं की ते हात सोडतं.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट कळकळीनं सांगते. दोरा, लोकर, रबर बँड, मांजा पिल्लासमोर कधीही मोकळा ठेवू नका. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेला वळलेले असतात. दोऱ्याचं टोक तोंडात गेलं की त्याला थुंकता येत नाही, ते गिळतच जातं. दोरा आतड्यात अडकला तर आतडं गोळा होतं, कापलं जातं, आणि ऑपरेशनशिवाय सुटका नसते. तोंडातून किंवा मागच्या बाजूनं दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच पशुवैद्याकडे न्या. माझी रिळं, बॉबिनी आणि सुया आता बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात आणि कातरणाची ती काडीसुद्धा खेळ झाला की कपाटात जाते.

आता, दात रोवलेच तर काय करायचं? हात मागे ओढायचा नाही. हे सगळ्यात अवघड आहे, कारण हात आपोआप मागे जातो. पण मागे जाणारा हात म्हणजे पळणारा उंदीर, आणि पिल्लू जास्त घट्ट धरतं. चामडी फाटते ती ओढल्यानं. हात सैल सोडा, अगदी मेल्यासारखा. दात खोल असतील तर हात किंचित त्याच्या तोंडाच्या दिशेनं ढकला. पिल्लू गोंधळतं आणि पकड सुटते. मग एक शब्द न बोलता उठून जायचं. अर्धा-एक मिनिट पुरे, त्याहून जास्त वेळ गेला तर कशाबद्दल गेलात हे त्याला कळत नाही. भावंडं करतात तेच आपण करायचं: जोरात चावलंस, खेळ संपला. काही जण मोठ्यानं ओरडायला सांगतात. गुंडीला मी ओरडले की आणखी चेव यायचा. म्हणून मी गप्प राहायला लागले, आणि त्याचा उपयोग झाला.

नाकावर टिचकी मारणं, मानगूट धरून हलवणं, तोंडावर पाणी उडवणं यातलं काहीही करू नका. त्यातून पिल्लू चावायचं थांबत नाही, हाताला भ्यायला लागतं. भ्यालेलं मांजर खेळात चावत नाही, जिवावर उठून चावतं.

साडेतीन-चार महिन्यांच्या आसपास चावणं परत वाढलं तर घाबरू नका, दात बदलत असतात. दुधाचे दात २६ असतात, ते पडून ३० पक्के येतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत सगळं उरकतं. हिरड्या शिवशिवतात, मग चार्जरची वायर, चपलेचा पट्टा, तुमची करंगळी, काहीही चघळतात. मला एकदा मशीनच्या पाटीवर तांदळाच्या कणीएवढा दात सापडला होता. एरवी पिल्लं ते गिळूनच टाकतात, त्यानं काही होत नाही. सुती फडकं ओलं करून फ्रीजमध्ये गार करा आणि समोर बसून चघळू द्या. वायरी मात्र आधी उचला. पक्क्या सुळ्याशेजारी दुधाचा सुळा तसाच राहिलेला दिसला तर डॉक्टरांना दाखवा.

"पुरे आता" म्हणणारा चावा

हा चावा मांडीवर बसलेल्या पिल्लाचा. धावपळ नाही, दबा नाही. तुम्ही लाडानं हात फिरवताय, ते घुरघुरतंय आणि एकदम मान वळवून चावतं. चावून बहुधा उडी मारून निघून जातं. लोक याला लबाडी म्हणतात. मला हा शब्द अजिबात आवडत नाही. पिल्लानं त्याआधी चार वेळा सांगितलेलं असतं, आपलं लक्ष नसतं.

मी हे कसं पाहिलं ते सांगते. ऑगस्टची दुपार होती, लाइट गेले होते, मशीन बंद. गुंडी मांडीवर होती. मी डोक्यापासून शेपटीपर्यंत सावकाश हात फिरवत होते आणि करायला काही नसल्यामुळे नुसती तिच्याकडे बघत होते. पाच-सहा वेळा हात फिरला. मग शेपटीचं फक्त टोक हललं, जमिनीवर बोटानं टकटक करावं तसं. पुढच्या वेळी हात कमरेवरून गेला आणि तिच्या पाठीची कातडी थरथरली, माशी बसल्यावर गाईची थरथरते तशी. कान थोडे बाजूला पडले. घुरघुर थांबली. मी मुद्दाम आणखी एकदा हात फिरवला, तर तिनं डोकं वळवून माझ्या बोटांकडे पाहिलं. त्यापुढचा हात म्हणजे चावा, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. मी हात उचलला. तिनं अंग सैल सोडलं आणि तिथेच झोपली. इतके दिवस ती मला हे सांगत होती आणि मी टीव्हीकडे बघत हात फिरवत होते.

तेव्हा खुणा याच: शेपटीचं टोक, पाठीची थरथर, बाजूला किंवा मागे जाणारे कान, थांबलेली घुरघुर, ताठ होणारं अंग, हाताकडे वळणारी नजर. यातली पहिली दिसली की थांबायचं. पिल्लाला अनुभव आला की शेपूट हलवून काम होतं, की त्याला दातांपर्यंत जावं लागत नाही. घुरघुरीवर मात्र विसंबून राहू नका. दुखणारं, घाबरलेलं मांजरही घुरघुरतं.

अंगावरच्या जागाही सारख्या नसतात. गाल, हनुवटी, कानाच्या मुळाशी, डोळा आणि कान यांच्या मधली विरळ केसांची जागा, इथे वासाच्या ग्रंथी असतात आणि इथे खाजवलेलं जवळजवळ सगळ्या मांजरांना आवडतं. शेपटीचं मूळ, पोट आणि पंजे इथे सांभाळून. पिल्लू उताणं होऊन पोट दाखवतं तेव्हा ते "माझा तुझ्यावर विश्वास आहे" म्हणतंय, पोटावर हात ठेवायला बोलावत नाहीये. मिश्या तर फार हळव्या. त्यांच्या मुळाशी नसांचं जाळं असतं, आणि तसेच राठ केस डोळ्यांच्या वर आणि पुढच्या पायांच्या मागच्या बाजूलाही असतात. लहान मुलं नेमका पुढचा पाय धरून शेकहॅण्ड करतात आणि पिल्लू का चिडलं ते कोणाला कळत नाही.

माझ्याकडे माप द्यायला आलेल्या बायकांबरोबर मुलं असतात. त्यांना मी असं शिकवते: खाली बस. एक बोट पुढे कर, पिल्लाच्या नाकाच्या उंचीवर, आणि थांब. पिल्लानं वास घेऊन गाल घासला तर गालावर तीन वेळा खाजव. मग हात थांबव. त्यानं डोकं पुढे ढकललं तर परत तीन. नुसतं बसून राहिलं किंवा तोंड फिरवलं तर आज नाही. पाच वर्षांच्या मुलालाही हे जमतं. शेजारची एक चिमुरडी आता मोठ्या माणसांना दटावते, "काकू, तीन झाले, थांबा!"

हात लावायची सवय

नखं कापायची, कान बघायचे, औषध द्यायचं, यासाठी अंगाला हात लावू देणं पिल्लाला शिकवावंच लागतं. माणसाच्या हाताची सवय सगळ्यात सहज लागते ती दोन ते सात आठवड्यांच्या वयात. पुढेही लागते, फक्त धीर जास्त लागतो. पिल्लू पेंगुळलेलं असताना एका पंजाला क्षणभर बोट लावा आणि लगेच शिजवलेल्या माशाचा काटा काढलेला कण द्या. आज एवढंच. ते निवांत घ्यायला लागलं की पंजा धरा, मग बोट दाबून नख बाहेर काढा, आणि कितीतरी दिवसांनी नखाचं पारदर्शक टोक तेवढं कापा. आतली गुलाबी रेघ म्हणजे रक्त आणि नस, तिला धक्का नको. गुंडीचं पहिलं नख कापायला मला अडीच आठवडे लागले. त्या दिवशी एकच कापलं.

आजवर शांत असलेलं पिल्लू हात लावताच चावायला लागलं तर ती सवय नसते, दुखणं असतं. शेपटीच्या मुळाशी पिसवा चावत असतील. बारीक फणीनं विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. लालसर ओघळ उठला तर ती पिसवांची विष्ठा. कानात कॉफीच्या चोथ्यासारखी काळी घाण म्हणजे किडे. भांडणात लागून कातडीखाली गळू झालेलं असू शकतं, दात दुखत असू शकतो. अशा वेळी शिकवत बसू नका, दवाखान्यात न्या. स्वतःच्या मनानं माणसांची गोळी देऊ नका, पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे.

आणि चावा तुम्हाला लागला तर? गुंडी दोन महिन्यांची असताना, गणपतीच्या ऑर्डरी ऐन भरात होत्या तेव्हा, तिनं माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीच्या पेरावर सुळा रोवला. मी हात ओढला. दिसायला टाचणी टोचल्याएवढं भोक. हळद लावली आणि कामाला बसले. सकाळी बोट गाजरासारखं सुजलं होतं, सुईत दोरा ओवता येईना. मांजराचे दात सुईसारखे बारीक असतात, तोंडातले जंतू खोल सोडतात आणि वरचं भोक लगेच मिटतं, म्हणून ते इतकं चिघळतं. सहा दिवस मशीन बंद राहिलं.

म्हणून हळद, चुना, मिरची काही नको. रक्त आलं असेल तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं, घड्याळ लावून धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रेबीज मांजराच्या चाव्यातूनही होतो, आणि झाला की त्यावर इलाज नाही. सरकारी दवाखान्यात ही लस मिळते. कातडीत देतात ती पहिल्या दिवशी आणि मग ३, ७ व २८ व्या दिवशी. बरं वाटतंय म्हणून मधला डोस चुकवू नका. रक्त आलेल्या चाव्याला जखमेभोवती आणखी एक इंजेक्शन लागतं, तेही विचारून घ्या. पिल्लाला तीन महिने पुरे झाले की त्याचीही रेबीजची लस टोचून घ्या.

कोणी पिल्लू घ्यायला आलं की मी दोन गोष्टी सांगते. डोळे उघडले, चालायला लागलं म्हणून आईपासून तोडू नका. आठ आठवडे तर हवेतच, बारा झाले तर फारच चांगलं, कारण त्या शेवटच्या महिन्यात ते जोर आवरायला शिकतं. आणि जमत असेल तर दोन भावंडं एकत्र न्या. दोघं मिळून एकमेकांना चावतात, तुमच्या पोटऱ्या वाचतात.

गुंडी दीड वर्षाची असताना मी एक बोक्याचं पिल्लू आणलं, तीन महिन्यांचं. गुंडीनंतर दुसरं नाव सुचणंच शक्य नव्हतं, म्हणून तो काज. आठवडाभर दोघं वेगळ्या खोल्यांत होती, दाराखालून एकमेकांचा वास घेत. एकत्र आल्यावर पहिल्याच संध्याकाळी काजनं गुंडीच्या कानाला कचकन चावलं. ती फिस्कारली, नखं आत ठेवून त्याच्या डोक्यावर एक पंजा दिला आणि मशीनवर जाऊन बसली. तो खाली बसून वर बघत राहिला. थोड्या वेळानं ती उतरली तेव्हा त्यानं परत तोच कान तोंडात धरला, पण या वेळी नुसता धरला.

काजसाठी मला ओलं फडकं फ्रीजमध्ये ठेवावं लागलं, पण गादी शिवावी लागली नाही.